पॅरिसमध्ये खरेदी: कुठे जायचं, कधी जायचं आणि टॅक्स परत कसा घ्यायचा

आपल्याकडून पॅरिसला येणाऱ्या बहुतेकांची खरेदी शेवटच्या दिवशी, शेवटच्या दोन-तीन तासांत होते. बस ऑपेराजवळ थांबते, टूर मॅनेजर सांगतो "साडेपाचला बरोबर इथेच भेटा", आणि मग सगळे एकाच दुकानात घुसतात, हाताला लागेल ते घेतात, आणि टॅक्सचा फॉर्म भरायच्या रांगेत उभं राहायला वेळच उरत नाही. मी इथे नऊ वर्षं राहतेय, दर उन्हाळ्यात घरी कोणी ना कोणी येतंच, आणि प्रत्येकाला मी हेच सगळं पुन्हा पुन्हा फोनवर सांगत बसते. गेल्या वर्षी मावशी आणि काका आले तेव्हा आम्ही सगळं आधी ठरवून केलं आणि फार छान झालं, म्हणून आता एकदाच नीट लिहून काढतेय.

आधी यादी, मग तिकिटं

घरून निघायच्या आधी एक कागद घ्या आणि त्यावर फक्त अशाच वस्तू लिहा ज्या इथे खरंच चांगल्या किंवा स्वस्त मिळतात. झारा, एच अँड एम, डेकॅथलॉन हे सगळं पुण्या-मुंबईच्या मॉलमध्ये आहे, त्यासाठी पॅरिसची दुपार घालवू नका. इथून नेण्यासारखं म्हणजे फार्मसीतली स्किनकेअर, परफ्यूम, कापड आणि लेस, स्वयंपाकघरातल्या वस्तू, चहा, मीठ, मोहरीचा सॉस, जाम, चॉकलेट, जुन्या बाजारातल्या छोट्या वस्तू. आणि ब्रँडेड हँडबॅग घ्यायचीच असेल तर फ्रेंच ब्रँडची घ्या, कारण तिथे इथली किंमत आणि परत मिळणारा टॅक्स दोन्ही धरून खरा फरक पडतो. भारतातली किंमत त्या ब्रँडच्या वेबसाइटवर बघून यादीत समोर लिहून ठेवा, म्हणजे दुकानात उभं राहून हिशेब करावा लागत नाही.

तारखा हातात असतील तर सेलचा विचार करा. फ्रान्समध्ये सेलला 'सोल्द' म्हणतात आणि ते वर्षातून दोनदाच, सरकारने ठरवलेल्या तारखांना, चार-चार आठवडे असतात. हिवाळ्याचा जानेवारीत सुरू होतो, उन्हाळ्याचा जूनच्या शेवटी. पहिल्या आठवड्यात साइझ मिळतात, शेवटच्या आठवड्यात किमती सगळ्यात खाली येतात पण साइझ उरत नाहीत. शाळेच्या सुट्टीमुळे आपले लोक मे महिन्यात येतात, तेव्हा सोल्द नसतो, त्यामुळे ज्यांना जमतंय त्यांनी जूनचा शेवटचा आठवडा किंवा जुलैची सुरुवात बघावी. ऑगस्टमध्ये मात्र छोटी दुकानं चक्क दोन-तीन आठवडे बंद असतात, दारावर सुट्टीची चिठ्ठी लावून मालक गावाला गेलेला असतो.

वारही बघा. रविवारी बरीचशी छोटी दुकानं बंद, सोमवारीही काही उघडत नाहीत. ओस्मान रस्त्यावरची मोठी स्टोअर्स, माराय भाग आणि शाँझेलिझे हे रविवारीही चालू असतात. म्हणजे रविवार मोठ्या दुकानांना आणि जुन्या बाजाराला ठेवा, कापड-भांडी-फार्मसी मंगळवार ते शनिवारमध्ये बसवा. आणि सकाळी लवकर जाऊन उपयोग नाही, बहुतेक दुकानं दहाला उघडतात.

टॅक्स रिफंड, म्हणजे इथलं 'देताक्स'

हा भाग शांतपणे वाचा, कारण इथेच सगळ्यांचे पैसे जातात.

फ्रान्समध्ये कपडे, बॅगा, परफ्यूम, स्किनकेअर यांच्या किमतीत २० टक्के व्हॅट आधीच धरलेला असतो. तुम्ही युरोपियन युनियनच्या बाहेर राहत असाल आणि वय १६ किंवा जास्त असेल तर तो टॅक्स परत मागता येतो. अट अशी की एका दुकानातली खरेदी १०० युरोच्या वर पाहिजे, त्याच दुकानातून तीन दिवसांत घेतलेली बिलं एकत्र धरता येतात. इथे महत्त्वाचं आहे ते तुम्ही राहता कुठे, पासपोर्टचा रंग नाही. जर्मनीत शिकणारा तुमचा भाचा भारतीय पासपोर्टवर असला तरी त्याला हे मिळणार नाही, कारण तो युनियनमध्ये राहतो. लंडनच्या बहिणीला मात्र मिळेल, ब्रिटन बाहेर पडल्यापासून त्यांनाही लागू झालंय.

हातात किती येतात? २० टक्के येत नाहीत हे आधी मनात पक्कं करा. किंमत १२० असेल तर त्यात टॅक्स २० असतो, आणि त्यातून रिफंड करणारी कंपनी आपली फी कापते, त्यामुळे साधारण बिलाच्या १२ टक्क्यांच्या आसपास परत येतात. दोनशे युरोच्या खरेदीवर चोवीसेक युरो. खाण्याच्या बहुतेक वस्तू आणि पुस्तकांवर टॅक्सच साडेपाच टक्के आहे, तिथे फार काही हाती लागत नाही.

आता दुकानात काय करायचं. पासपोर्ट जवळ ठेवा, काही ठिकाणी फोटो चालतो पण मूळ असला की वाद नाही. पैसे द्यायच्या *आधी* "देताक्स" असं म्हणा, एवढा एक शब्द पुरतो. घरातल्या चौघांनी चार बिलं करून प्रत्येकी ६० युरो खर्च केले तर कोणालाच काही मिळणार नाही, त्यामुळे एका दुकानात एकानेच सगळ्यांचं बिल भरायचं आणि फॉर्म त्याच्याच नावावर. फॉर्मवर नाव आणि पासपोर्ट नंबर तिथेच वाचून घ्या. पैसे कार्डावर परत हवेत की रोख ते विचारतात, कार्ड सांगा, रोखीत जास्त कापतात आणि एअरपोर्टवर वेगळी रांग लागते. फॉर्मवर बारकोड असतो, त्याला घडी घालू नका, सगळे फॉर्म एका प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवा.

पैसे कसे द्यायचे

कार्ड सगळीकडे चालतं, अगदी एक कॉफीलासुद्धा. टॅप करून ५० युरोपर्यंत पिन लागत नाही, वर पिन टाकावा लागतो, म्हणून निघण्यापूर्वी पिन आठवतोय ना आणि बँकेच्या ॲपमध्ये इंटरनॅशनल वापर चालू केलाय ना ते बघा. मशीनवर कधी कधी प्रश्न येतो, रुपयांत की युरोत? दरवेळी युरो निवडा. रुपये निवडले तर मशीनवाला त्याचा दर लावतो आणि तो बँकेच्या दरापेक्षा महाग पडतो. काकांनी पहिल्याच दिवशी रुपये दाबलं, आकडा ओळखीचा वाटला म्हणून, आणि रात्री दर काढून बघितला तर चांगलाच फरक होता. साध्या क्रेडिट कार्डावर बँक साडेतीन टक्क्यांपर्यंत मार्कअप, म्हणजे दरावर वरचे पैसे, लावू शकते, त्यापेक्षा युरो भरलेलं फॉरेक्स कार्ड बरं.

यूपीआयबद्दल सगळे विचारतात. २०२४ मध्ये आधी आयफेल टॉवरच्या तिकिटांसाठी आणि मग जुलैमध्ये गॅलरी लाफायेतच्या ओस्मानच्या स्टोअरमध्ये ते सुरू झालं. पण म्हणून गल्लीतल्या बेकरीत क्यूआर शोधू नका. तुमच्या ॲपमध्ये इंटरनॅशनल यूपीआय वेगळं चालू करावं लागतं, ते घरूनच करून या. आणि शंभरेक युरो रोख ठेवा, सुट्ट्या नोटा, बाजारात लागतात.

आणखी एक, १ ऑगस्ट २०२३ पासून इथे बिल आपोआप छापून देत नाहीत, मागावं लागतं. "तिके" म्हणा, देतात. वस्तू बदलायची वेळ आली तर बिलाशिवाय काही होत नाही, आणि नुसती आवडली नाही म्हणून परत घ्यायलाच पाहिजे असा कायदा दुकानातल्या खरेदीला नाही, ते त्या दुकानाच्या नियमावर आहे. आधी विचारून घ्या.

दुकानात शिरताना

दारातून आत पाऊल टाकलं की "बोंजूर". हे मी कितीही वेळा सांगितलं तरी कमीच. आपल्याकडे गिऱ्हाईक आलं की दुकानदार "या, बसा" म्हणतो, इथे पहिला नमस्कार गिऱ्हाइकाने करायचा असतो, कारण तुम्ही त्याच्या घरात आल्यासारखे आहात. बोंजूर न म्हणता थेट इंग्लिशमध्ये "हाउ मच?" विचारलं की समोरचा आखडतो आणि मग लोक म्हणतात पॅरिसचे लोक उद्धट आहेत. मावशीला मी विमानतळावरून येतानाच शिकवलं होतं. तिने प्रत्येक दुकानात मोठ्याने, हसत, "बोंजूर" म्हटलं आणि कोपऱ्यावरच्या बेकरीतली बाई तिसऱ्या दिवशी तिला बघूनच तिचा पाव काढून ठेवायला लागली. निघताना "मेर्सी, ओ रव्हार". नुसतं बघायचं असेल तर "ज रगार्द" म्हणजे मी बघतेय, मग कोणी मागे लागत नाही.

आणि भाजी-फळांच्या गाड्यावर स्वतः हात लावून निवडू नका, बोटाने दाखवा, तो पिशवीत भरतो. आज खायचंय की उद्या ते सांगितलं तर फळ त्या हिशेबाने निवडून देतो.

कापडी पिशवी जवळ ठेवा. पातळ प्लास्टिकच्या पिशव्या २०१६ पासून बंद आहेत आणि कागदी किंवा जाड पिशवीचे पैसे पडतात.

कुठे काय

मोठी स्टोअर्स: गॅलरी लाफायेत आणि शेजारचंच प्रँतां, मेट्रो शोसे दांतां-लाफायेत. लाफायेतचा रंगीत काचेचा घुमट १९१२ चा आहे, खरेदी करायची नसली तरी आत उभं राहून वर बघा, आणि गच्चीवर फुकट जाता येतं, तिथून ऑपेराचं छत आणि लांब आयफेल दिसतो. पण सुटीच्या दुपारी इथे देताक्सची रांग तासभराची होऊ शकते, म्हणून उघडल्या उघडल्या जा. मला स्वतःला नदीच्या पलीकडचं ल बोन मार्शे जास्त आवडतं, १८५२ पासून बुसिको नावाच्या व्यापाऱ्याने त्याला आजच्या डिपार्टमेंट स्टोअरचं रूप दिलं. गर्दी कमी, आणि त्याच्याच खाण्याच्या विभागात, ग्रांद एपिसरीत, मीठ, मध, जाम, चहा सगळं एका छपराखाली मिळतं. महाग आहे हे खरं. तोच गेरांदचा मीठाचा डबा मोनोप्री या सुपरमार्केटमध्ये कमी पैशात मिळतो, म्हणून ग्रांद एपिसरीत बघा आणि मोनोप्रीत घ्या.

फार्मसी: हिरव्या क्रॉसची पाटी. अव्हेन, ला रोश-पोझे, बायोडर्मा, नुक्स, कोदाली हे सगळे फ्रेंच ब्रँड आहेत आणि भारतापेक्षा इथे बरेच स्वस्त. किमती दुकानागणिक बदलतात, स्मारकाजवळच्या फार्मसीत तीच बाटली महाग असते. सां-जर्मांमध्ये रू द्यु फूर या रस्त्यावरची सिटीफार्मा आणि प्लास मोंज मेट्रोजवळची फार्मसी मोंज या दोन स्वस्त म्हणून प्रसिद्ध आहेत, दोन्हीकडे देताक्स होतं. गर्दी भयंकर असते, आठवड्यातल्या मधल्या वारी सकाळी जा, यादी आणि फोटो हातात ठेवा. सगळ्या मैत्रिणींसाठी घ्यायचं असेल तर हे एकाच फेरीत करा, १०० युरो सहज पार होतात.

कापड: हे कुठल्याही टूरमध्ये नसतं आणि आपल्या बायकांना सगळ्यात जास्त आवडतं. मोंमार्त्रच्या पायथ्याशी, मेट्रो आंव्हेर, साक्रे-कर चर्च बघायला जाताच तिथेच खाली मार्शे सां-पिएर नावाचं पाच मजली कापडाचं दुकान आहे आणि आजूबाजूची सगळी गल्ली कापडवाल्यांची. तागे लाकडी टेबलांवर पसरलेले असतात, विक्रेते हातात लाकडी मीटर आणि कात्री घेऊन फिरतात. आपण ताग्यावर हात ठेवून बोटांनी मीटर दाखवायचे, तो मोजतो, कापतो, चिठ्ठी लिहितो, ती घेऊन कॅशवर पैसे भरायचे आणि मग कापड ताब्यात. मावशीने तिथे हस्तिदंती रंगाची सुती लेस दोन मीटर घेतली. ती बोटांत धरून उजेडाकडे केली, उलटी करून टाका बघितला, काठ ओढून बघितला, अगदी तुळशीबागेत बघते तसंच, आणि तो विक्रेता, साठीचा माणूस असेल, न बोलता आत गेला आणि टेबलाखालून आणखी बारीक नक्षीचा एक तागा काढून तिच्यापुढे उलगडला. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. त्या लेसचा ब्लाउज शिवून तिने तो ताईच्या लग्नात घातला पैठणीवर. आजूबाजूच्या दुकानांत तीन-तीन मीटरचे तयार तुकडे मिळतात, त्याला 'कूपों' म्हणतात, ड्रेसला पुरतात आणि ताग्यापेक्षा स्वस्त. रविवारी सां-पिएर बंद.

त्याच चढावर पायऱ्यांपाशी मनगटाला दोरा बांधणारे उभे असतात. हात खिशात ठेवा, "नो" म्हणा, थांबू नका. बांधला की पैसे मागतात.

भांडी: ले आलजवळ रू कोकियेरवर द्येहिलरँ नावाचं दुकान १८२० पासूनचं आहे, स्वयंपाकी लोकांचं. अरुंद बोळ, जमिनीपासून छतापर्यंत लाकडी फळ्या, वर टांगलेली तांब्याची पातेली. कित्येक वस्तूंवर किमतीऐवजी कोड असतो, विचारायचं, मग ते यादीत बघून सांगतात. तांब्याची भांडी आतून कल्हई केलेली आणि आतून स्टील बसवलेली अशी दोन प्रकारची असतात, कल्हईवालं घेतलं तर पुढेमागे परत कल्हई करावी लागेल, ती आपल्याकडे करून देणारे अजून आहेत. इंडक्शनवर तांबं चालत नाही हेही लक्षात घ्या. वजन जपायचं असेल तर लाकडी उलथनी, केकचे साचे, छोटी सुरी घ्या. सुरी चेक-इन बॅगेतच.

परफ्यूम: ऑपेराजवळ फ्रागोनारचं परफ्यूम म्युझियम फुकट आहे आणि शेवटी त्यांचं दुकान. मोठ्या ब्रँडच्या मानाने किमती हलक्या, भेट द्यायला त्यांचे साबण आणि छोट्या बाटल्या उत्तम. मनगटावर लावून अर्धा तास फिरा आणि मग ठरवा, पहिला वास उडून जातो.

जुना बाजार: सां-तुआंचा प्युस, शनिवार ते सोमवार, मेट्रो चार नंबरचं शेवटच्या टोकाचं पोर्त द क्लिन्यांकूर. मेट्रोतून वर आलात की आधी नकली बूट-जॅकेटची दुकानं लागतात, तिथे थांबू नका, मोठ्या पुलाखालून पलीकडे जा, खरा बाजार रू दे रोझिए या रस्त्यावर आहे. व्हेर्नेझाँ नावाच्या भागात बटणं, जुनी पोस्टकार्डं, काचेच्या बाटल्या, चांदीचे चमचे. इथे घासाघीस चालते पण हसून आणि थोडीच, वीसचं अठराला मिळेल, दहाला मागू नका. फोन आणि पाकीट पुढच्या खिशात. नकली ब्रँडेड वस्तू घेणं फ्रान्समध्ये गुन्हा आहे, कस्टम्सवाले जप्त करतात आणि दंडही होतो, त्या वाटेला जाऊ नका.

खाऊ, आणि शाकाहारी घरांसाठी थोडं जास्त

मोनोप्री, फ्रांप्री, काऱ्फूर ही सुपरमार्केटं. ऑफिसात वाटायला चॉकलेट इथूनच घ्या, आयफेलजवळच्या दुकानातून नाही. पण घरी कडक शाकाहारी माणसं असतील तर लेबल बघा. माकारों, म्हणजे बदामाच्या पिठाची रंगीत गोड बिस्किटं, सगळ्यांना आणायचे असतात, त्यात अंड्याचा पांढरा भाग असतोच, नसला तर तो माकारोंच नाही. मऊ गोळ्या आणि मार्शमेलोत जिलेटिन असतं आणि ते बहुधा डुकराचं. बऱ्याच पारंपरिक चीजमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट, म्हणजे दूध घट्ट करणारं विरजण, असतं. काही चॉकलेटांत दारू भरलेली असते. फोनमधल्या कॅमेऱ्याने लेबलचं भाषांतर होतं, दोन मिनिटं घालवा, आजीला खोटं सांगून काही खायला घालू नका. बिनधास्त नेण्यासारखं म्हणजे बोन मामां जाम, दिजोंची मोहरी, मीठ, मारियाज फ्रेरचा चहा. मऊ चीज, जाम, मोहरी हे सगळं केबिन बॅगेत द्रव पदार्थ म्हणून धरतात, चेक-इनमध्ये टाका.

फ्लॅट घेऊन राहणार असाल आणि तिसऱ्या दिवशी वरण-भात आठवला तर गार द्यु नॉरच्या मागे ला शापेल भागात जा. श्रीलंकन तमिळांची वस्ती आहे, कढीपत्ता, शेवग्याच्या शेंगा, नारळ, डाळी सगळं मिळतं. जवळच १९८५ पासूनचं माणिक्क विनायकर मंदिर आहे, ऑगस्टअखेर किंवा सप्टेंबरच्या सुरुवातीच्या रविवारी तिथल्या गणपतीचा रथ रस्त्यावरून निघतो आणि नारळांचे ढीग फोडतात. त्या सुमारास असाल तर चुकवू नका.

एअरपोर्टवर, क्रमाने

नेहमीपेक्षा एक तास आधी पोचा. परतीच्या विमानासाठी शार्ल द गोल विमानतळावर पोचलात की आधी चेक-इन काउंटर नाही, आधी 'देताक्स' लिहिलेल्या पाट्या शोधा. घेतलेल्या वस्तू वरच्या बाजूला राहतील अशा भरा, कारण अधिकारी बघायला मागू शकतात. आमच्या एका नातेवाइकांनी बॅगा आधी चेक-इन केल्या, मग मशीनने त्यांना काउंटरवर पाठवलं, तिथे वस्तू दाखवा म्हणाले, आणि बॅगा तर गेल्या होत्या. सगळा रिफंड गेला.

पाट्यांच्या तिथे 'पाब्लो' नावाची मशीनं असतात. भाषा इंग्लिश निवडा, फॉर्मचा बारकोड खाली धरा, हिरवी स्क्रीन आली की झालं, पुढचा फॉर्म. प्रत्येक फॉर्म वेगळा स्कॅन करायचा. लाल आली तर शेजारच्या कस्टम्सच्या, म्हणजे 'दुआन'च्या काउंटरवर पासपोर्ट, बोर्डिंगचं तिकीट आणि वस्तू घेऊन जा. हिरव्या स्क्रीनचा फोटो काढून ठेवा, पैसे कार्डावर यायला काही आठवडे लागतात आणि नाही आले तर तोच पुरावा.

पॅरिसहून पुढे रोमला जाऊन तिथून भारतात परतणार असाल तर हे सगळं रोमला करायचं, युनियनमधून शेवटचं जिथून बाहेर पडता तिथे. पण पाब्लो मशीन फक्त फ्रान्समध्ये चालतं, बाहेर कस्टम्सचा शिक्का घेऊन फॉर्म पाकिटातून पोस्ट करावा लागतो. आपल्या टूरमध्ये हमखास असणारं स्वित्झर्लंड युनियनमध्ये नाही, म्हणून परतीचं विमान झुरिक किंवा जिनिव्हाहून असेल तर शिक्का सीमेवरच घ्यावा लागतो. बस तिथे थांबणार का हे टूर मॅनेजरला पॅरिसमध्ये खरेदी करायच्या *आधी* विचारा, नाही म्हणाला तर महागडी वस्तू रिफंड धरून घेऊ नका. युरोस्टारने लंडनला जाणार असाल तर गार द्यु नॉरवरच, गाडीत बसण्यापूर्वी.

आणि बिलांची एक वेगळी थप्पी हाताशी ठेवा, मुंबईला उतरल्यावर आपल्या कस्टम्सने बॅग किंवा घड्याळाबद्दल विचारलं तर तीच दाखवायची असते. ड्युटी फ्री मर्यादा निघायच्या आठवड्यात कस्टम्सच्या वेबसाइटवर बघून घ्या, आणि तिच्यावर जात असेल तर लाल चॅनलला जाऊन सरळ सांगा.